सोळा आणे वास

देवानं माणसाला नाक कशासाठी दिलं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, माझ्या थोरल्या साडूंची जीप हुंगण्यासाठी. इतरांची नाकं कशाकामी येतात मला ठाऊक नाही. माझं मात्र या एकाच कामात दोन वर्षांहून जास्त झिजलं. उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात या माणसाइतका हट्टी माणूस झाला नाही आणि आपल्या हट्टापायी दुसऱ्याचे इतके रविवार नासवणाराही झाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट, पण अजूनही आठवली की माझं डोकं तडकतं.

साडूंचं जैनथला फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. कापसावरच्या अळ्या मारायची ती औषधं. वीस वर्षं त्या डब्यांच्या राशीत बसून अळ्या किती मेल्या देव जाणे, साडूंचं नाक मात्र साफ मेलं होतं. स्वयंपाकघरात दूध करपून घरभर धूर झाला, शेजारपाजारचे धावत आले, तरी हे पाटावर बसून विचारणार, "आज काई गोडधोड हाय का?" बाकी माणूस सज्जन. गळ्यात तुळशीची माळ, शिंदीचा थेंबसुद्धा वर्ज्य. खोड एकच. कुठलीही वस्तू स्वतः पारखल्याशिवाय घ्यायची नाही आणि एकदा घेतली की जगबुडी झाली तरी टाकायची नाही. साधं कुलूप घ्यायचं तर दुकानात उभं राहून पन्नास वेळा उघडझाक करणार. एकदा छत्री घेताना त्यांनी ती उघडली, हापशाखाली जाऊन उभे राहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "हापसा." तो बिचारा हापसत राहिला आणि हे आत कोरडे उभे. तीच छत्री पुढं अकरा वर्षं चालली, म्हणून तर मला जास्त राग येतो.

अशा माणसानं इंद्रवेल्लीकडच्या एका ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली. इंजिन कानानं तपासलं, टायर लाथा मारून तपासले, ब्रेक जिवावर उदार होऊन तपासला. राहिलं फक्त नाक, आणि ते तर नव्हतंच. त्या जीपमधून वर्षानुवर्षं मोहफुलांची पोती वाहिली गेली होती. पावसात पोती भिजली, रस झिरपला, सीटांमधल्या काथ्यात मुरला आणि तिथंच आंबला. गाडी जवळून गेली की वाटावं सीटखाली भट्टी लावलेली आहे. गुडीहत्नूरजवळ हमरस्त्यावर एका पोलिसानं गाडी अडवून आत डोकं घातलं आणि साडूंना म्हणाला, "मुंह खोलो." साडूंनी तोंड उघडलं, माळ दाखवली, पूर्ण हरिपाठ म्हणायची तयारी दाखवली. पोलीस त्यांचं तोंड हुंगतो, मग सीट हुंगतो, पुन्हा तोंड हुंगतो आणि हिशेब काही लागत नाही. तेव्हा कुठं साडूंना कळलं की गाडीला वास आहे.

दुसऱ्या कुणी ती विकून टाकली असती. पण ही जीप त्यांनी मिरवायला घेतली नव्हती, अक्कासाठी घेतली होती. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. अक्काला बस लागायची. डिझेलचा वास आला की पहिला थांबा यायच्या आधीच ती अर्धमेली व्हायची. एकदा तर कंडक्टरनंच हात जोडून तिला खाली उतरवलं होतं. माहेर पैनगंगेपल्याड, दोन बस बदलून जायचं. पूर्वी बैलांच्या दमणीतून जायची. पुढं शेती बटाईनं दिली, बैल गेले आणि बैलांबरोबर माहेरही गेलं. नऊ वर्षं झाली होती. तिकडं आमच्या सासूबाई, म्हणजे माय, थकत चाललेल्या, दिसायचं कमी झालेलं. "अक्कीले एकदा पाहू द्या," असा त्यांचा निरोप येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर यायचा. असा निरोप आला की अक्का नुसती चुलीपुढं बसून राहायची. ते साडूंना बघवायचं नाही.

पण त्यांचं तर्कशास्त्र ऐका. "पयल्याच बसन्यात तिले मळमळलं, तं जलमभर ते या गाडीत पाय नाई ठेवायची. आधी वास काढतो, मंग बसवतो." म्हणून जीप दुकानामागं उभी आणि अक्काला तिच्याजवळ फिरकायची बंदी. आता वास गेला की नाही हे कळायला नाक लागतं. नाक कुणाचं? माझं! मी आदिलाबादला महसूल कचेरीत कारकून, पिकांच्या आणेवारीचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. साडूंना वाटलं, जो पिकाची आणेवारी लिहितो तो वासाचीही सांगेल.

झालं. दर रविवारी जैनथची बस पकडायची. उतरल्यावर चहा नाही, कारण चहानं म्हणे नाक बोथट होतं. आधी पुढची सीट हुंगायची, मग मागची, मग गुडघे टेकून खालचं पायपुसणं. भर बाजारात एक सरकारी नोकर जीपमध्ये ओणवा होऊन सुंसूं करतो आहे, हे बघायला माणसं जमायची. साडू कमरेवर हात ठेवून विचारणार, "हाय का?"

"आहे."

"किती?"

"चौदा आणे."

"मांगच्या रविवारी तं साडेतेरा म्हनले व्हते! कागद पाहून सांगून राह्यले का गाडी पाहून?"

असा संताप यायचा! वाटायचं, सांगून टाकावं एकदाचं, 'नाही वास, जा घेऊन.' पण घरून निघताना आमची ही बजावायची, "अक्काची गोष्ट आहे. खोटं बोलाल तर माझ्याशी गाठ आहे." आणि खरं सांगायचं तर, खोटी आणेवारी मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती.

उपाय काय कमी केले? पहिल्यांदा सीटा काढून रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या आणि उन्हात रस्त्याकडेला ठेवल्या. शेजारच्या हॉटेलवाल्याला वाटलं गिऱ्हाइकांसाठीच ठेवल्यात. तीन दिवस लोक त्यांवर बसून भजी खात होते. सीटा परत आल्या तेव्हा वास तेवढाच होता, वर भज्यांचं तेल. मग साडूंनी कडुलिंबाचा पाला आणि गुग्गुळ पेटवून ते घमेलं जीपमध्ये ठेवलं, वरून ताडपत्री टाकली आणि जेवायला गेले. फटींतून धूर निघताना पाहून कुणीतरी "नीळ्ळु! नीळ्ळु!" ओरडलं, म्हणजे पाणी आणा, आणि अख्खं जैनथ बादल्या घेऊन धावलं. माणुसकी जागी झाली आणि काथ्या पुन्हा भिजला. त्या रविवारी मी पंधरा आणे सांगितले, तर साडू दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जणू पाणी मीच ओतलं होतं!

कळस केला तो कापसानं. कापसाच्या गंजीजवळ रॉकेलचा डबा ठेवला की सगळ्या गंजीला रॉकेलचा वास लागतो, हे आमच्याकडं कुणालाही ठाऊक आहे. साडूंनी हे उलटं लावलं. वास लागतो, म्हणजे कापूस वास ओढतो! बटाईत वाट्याला आलेला पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस त्यांनी जीपमध्ये छतापर्यंत कोंबला आणि आठ दिवस ठेवला. कापसानं वास ओढला, नाही असं नाही. पण बदल्यात आपले लाल किडे सीटांमध्ये सोडून दिले. आणि तो कापूस विकायला नेला, तर व्यापाऱ्यानं मूठभर नाकाशी धरला, साडूंच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं आणि विचारलं, "सेठ, ये कपास पी के आया है क्या?" हा किस्सा साडूंनी मला चेष्टा म्हणून नाही, तक्रार म्हणून सांगितला. वर म्हणाले, "पन वढला ना वास? आता पाहा बरं." मी हुंगलं. अकरा आणे. खरंच तीन-चार आणे उतरला होता. अशा माणसाचं करायचं काय, तुम्हीच सांगा!

असं करत करत दिवाळीपर्यंत आम्ही सहा आण्यांवर आलो. आणि एका रविवारी मी पायपुसण्याशी ओणवा असताना पल्याडचा माणूस निरोप घेऊन आला. मायनं अंथरूण धरलं होतं. निरोप आधी घरी देऊन मग तो दुकानावर आला होता, आणि त्याच्या मागोमाग अक्का. डोक्यावर पदर, हातात पिशवी. सरळ जीपकडं.

साडू दोन्ही हात पसरून आडवे झाले. "थांब वं! आजून सहा आने हाय!"

"व्हा बाजूले," अक्का म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याशी अशी बोलली असेल.

ती चढली, बसली. साडूंनी एका हातात कापलेलं लिंबू धरलं, दुसऱ्या हातात बादली. मी श्वास रोखून उभा. अक्कानं पदर नाकाला लावला, मग हळूच काढला. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"मोहफुलं हायत का यात?" तिनं विचारलं.

साडूंनी घाईघाईनं बादली पुढं केली.

"आमच्या अंगनात मोह व्हता. माय फुलं वाळू घाले, मी राखत बसो. हाच वास." तिचे डोळे भरून आले. "दीड वर्स झालं गाडी आनून. काऊन नाई सांगतलं मले?"

साडूंनी लिंबू खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू सगळा गुन्हा माझाच. "साडभाऊ, तुमी तं नुसता वास हाय म्हनत व्हते! कायचा हाय, ते नाई सांगतलं?"

"तुम्ही किती ते विचारलंत, कसला ते कधी विचारलंत?" मी ओरडलो. पण ओरडताना आतून मेल्यासारखं झालं, कारण मोहाचा वास आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिच्या माहेरचा मोह तर मी लग्नात डोळ्यांनी पाहिला होता. बस लागणाऱ्या बाईला कुठलाही वास चालायचा नाही, हे आम्ही दोघा शहाण्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी मीही गेलो बरोबर. पैनगंगेचा पूल ओलांडला, कच्चा रस्ता लागला, जीप आदळत-आपटत राहिली, पण अक्काला एकदाही मळमळलं नाही. मायला काही दिसत नव्हतं. अक्का जवळ बसली तसा मायनं तिचा पदर चाचपडून ओढला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "मोह वेचून आली का वं, अक्के?" दिवाळीत कुठला आलाय मोह! अक्का म्हणाली, "हव माय, वेचून आली."

माय पुढं पाच महिने होती. दर आठवड्याला जीप पल्याड जायची. मग मोहाच्याच दिवसांत ती गेली.

त्यानंतर तरी माझे रविवार सुटतील असं वाटलं होतं. कसचं काय! आता साडू वास टिकवायच्या मागं लागले. जीपला जाड गोणपाटाचे पडदे शिवले, सीटा पुसायला मनाई, आत कुणी उदबत्ती लावली तर भांडण. आणि मला पुन्हा दर रविवारी बोलावणं, चहाच्या आधी. फक्त विचारायची तऱ्हा बदलली होती. पूर्वी 'हाय का?' म्हणायचे, आता म्हणायचे, "हाय ना?"

वास मात्र कुणाचं ऐकत नाही. दीड वर्ष धुऊन, धुरी देऊन गेला नाही, तो आता आपला आपण जाऊ लागला. चार आणे, दोन आणे. एका रविवारी मी पुढची सीट हुंगली, मागची हुंगली, गुडघे टेकून पायपुसणं हुंगलं. जुनं रेक्झिन आणि धूळ, बाकी काही नाही.

"हाय ना, साडभाऊ?"

मी वर पाहिलं. साडूंच्या मागं अक्का उभी होती. तिला तर माझ्याआधीच कळलं असणार, तिचं नाक शाबूत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच होकारार्थी मान हलवली.

"आहे," मी म्हणालो.

"किती?"

"सोळा आणे."

साडूंनी समाधानानं गोणपाटाचा पडदा खाली सोडला, आणि अक्का माझ्यासाठी चहा टाकायला घराकडं वळली.