दगडहापिसाचं बिऱ्हाड

दुपारचे बरोबर पावणेचार वाजले होते. वेळ इतकी पक्की सांगते, कारण बैलगाडी थांबल्याबरोबर ह्यांनी खिशातलं घड्याळ काढून नोंदवहीत लिहिलं, 'आगमन पावणेचार.' मी तेव्हा शालूच्या नाकाखाली बोट धरून तिचा श्वास बघत होते. आठ महिन्यांची पोर खानापुरापासून गाडीत हिंदकळत आली होती आणि गाढ झोपली होती. मूल फार गप्प झोपलं की मला धीर धरवत नाही.

तिथपासून आम्ही बेळगावला परत फिरेपर्यंत जे घडलं, ते मी शेजारणींना सांगत आले आहे. हळदीकुंकवाला एक सांगावं तर दुसरं आठवतं. ट्रंकेत एक झबलं शोधायला जावं आणि दहा वर यावीत, हवं ते मात्र तळाशी, तशी गत होते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. मी मराठी सातवी शिकलेली आहे, तेवढं जमेल.

ह्यांची नोकरी जुन्या देवळांच्या सरकारी खात्यात. पडकी देवळं मोजायची, नकाशे काढायचे, दगडावरचं लिखाण उतरवून घ्यायचं. नंदगडच्या पुढच्या त्या गावानं दुसऱ्याच दिवशी आमचं नाव ठेवलं, 'दगडहापिस'. हापिसात माणसं तीन. हे नकाशे काढणारे. शंकरअण्णा निपाणीचे, ठसे घेणारे. आणि केशवआप्पा, पेन्शनीतले मास्तर, दगडावरचं जुनं कानडी वाचणारे. मी आणि शालू हापिसात नव्हतो, पण सगळ्यांचा भात मीच शिजवत होते. बिऱ्हाड होतं गंगाक्काच्या घरी, पुढच्या सोप्यात. ती म्हातारी एकटीच, दोन लेकी सासरी.

काम काय होतं तेही सांगते. गावाबाहेर शेतात शंकराचं पडकं देऊळ होतं. रस्त्याच्या मोरीसाठी तिथले दगड न्यायची परवानगी एका कंत्राटदारानं मिळवली होती, आणि दिवाळी झाली की गाड्या लागणार होत्या. देवळासमोर शिलालेख होता, पण अर्धा. खालचा तुकडा कधीचा नाहीसा झालेला. साहेबांनी कळवलं होतं की लेख पुरा मिळाला तर देऊळ राखीव यादीत घालू, अर्ध्या दगडासाठी रस्ता अडवता येणार नाही. म्हणजे दिवाळीच्या आत तो तुकडा शोधायचा, नाहीतर देऊळ मोरीत जाणार!

०

ठसा कसा घेतात ते मी तिथंच पाहिलं. कागद भिजवून दगडावर पसरायचा, ब्रशानं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि जरा सुकला की वरून शाईची गादी फिरवायची. अक्षरं पांढरी उमटतात, बाकी सगळं काळं. लढाईचे दिवस, कागद कुठं मिळत नव्हता. शंकरअण्णांजवळ चारच ताव होते.

पहिला ताव त्यांनी वरच्या अर्ध्यावर बसवला आणि भाकरी खायला घरी आले. परत जाऊन बघतात तर दगडाभोवती घोंगडी गुंडाळलेली आणि शेजारी गंगाक्का बसलेली.

तिचं म्हणणं असं की देवाच्या दगडाला ताप आलाय म्हणून तुम्ही ओलं फडकं ठेवलंत, मग वारं कसं लागू द्यायचं? घोंगडी काढली तर कागदही तिच्याबरोबर निघाला.

शंकरअण्णांनी घोंगडीची घडी घालून तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा ताव बसवला. गंगाक्का लांबूनच थबकली.

"परत आला व्हय?"

"आला आक्का," शंकरअण्णा म्हणाले. "पन डाक्टर म्हनालेत, ह्या खेपेला उघडंच ठेवा."

०

साहेब बघायला येणार असं कळल्यावर गावच्या पाटलांनी आम्हाला न विचारता एक उपकार केला. एका दिवसात सगळं देऊळ चुन्यानं रंगवून काढलं. नाचणाऱ्या बायका, हत्ती, वेलबुट्टी, सगळं पांढरं फेक. केशवआप्पा बघताक्षणी नखानं चुना खरवडायला लागले.

पाटील खूष होते. "आता कसं, कालच बांधल्यावानी दिसतंय."

मग चार दिवस आम्ही सगळे नारळाच्या काथ्यानं आणि पाण्यानं चुना काढत बसलो. मीसुद्धा, शालूला पाठीशी बांधून. पाटलांनीही धोतर खोचून दोन हत्ती स्वच्छ केले, ते खोटं बोलू नये. तरी एका नाचणारणीच्या कानात पांढरं राहिलंच. साहेबांनी नेमकं तेच बघितलं आणि काठीनं दाखवून विचारलं, हे काय?

पाटील म्हणाले, "न्हाऊन आलीया साहेब. साबण ऱ्हायलाय."

०

त्याच दिवशीचं आणखी एक. शालूची झोळी देवळातल्या दोन खांबांना बांधलेली असे. शंकरअण्णांचा ब्रश दगडावर थप थप वाजायला लागला की ती झोपायची आणि थांबला की टक्क जागी. मी घरी थोपटून बघितलं, पाटा वाजवून बघितला, पण तिला तो ब्रशच लागायचा. मग ठसे घ्यायचे नसले तरी तो भला माणूस दुपारचा अर्धा तास कोऱ्या दगडावर कोरडा ब्रश मारत बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हसलंही नाही.

साहेब नेमके त्या अर्ध्या तासात आले. शंकरअण्णा ठोकतायत, दगडावर कागद नाही, अक्षर नाही. साहेबांनी वाकून नीट बघितलं आणि विचारलं, इथं काय लिहिलंय?

मला वाटलं, शंकरअण्णांची नोकरी गेली, आणि ह्यांचीही.

शंकरअण्णांनी हात न थांबवता हळूच सांगितलं, "हितं काय न्हाय साहेब. तकडं मूल झोपलंय."

साहेबांनी झोळीकडं बघितलं, पायातले बूट काढून हातात घेतले आणि बाकीचं देऊळ मोज्यांवर पाहिलं.

०

वरच्या अर्ध्याचा ठसा नीट आला तेव्हा गाव ऐकायला जमलं. केशवआप्पा आधी कानडीत वाचत आणि मग मराठीत सांगत. देवाची स्तुती झाली, राजाची झाली. मग आलं की ह्या देवळाला शेत दिलं आणि दिव्यासाठी तेलाचा घाणा दिला. घाणा म्हटल्याबरोबर मागून एकानं विचारलं, "त्यो घाणा आता कुनाकडं हाय?" सगळ्यांनी वळून गावच्या तेल्याकडं बघितलं. तो बिचारा घाम पुसायला लागला.

केशवआप्पांनी समजावलं की ह्याला शेकडो वर्षं झाली. पुढं वाचलं: शेताच्या सीमा अशा, पूर्वेला... आणि तिथंच दगड तुटलेला.

"पूर्वेला काय?" पाटलांनी विचारलं.

"ते खालच्या तुकड्यावर."

एकेक जण उठून घरी निघाला. देवळाच्या चारी बाजूंना कुणाकुणाची शेतं होतीच, ती देवाची निघाली तर? त्या दिवसापासून हे आणि केशवआप्पा दारोदार फिरले, पण खालचा तुकडा कुणीही, कधीही, कुठंही पाहिलेला नव्हता. गंगाक्कानंही नाही.

०

मध्येच शालूच्या पाठीवर लाल पुरळ उठलं. मला गोवरच दिसायला लागला. ऑक्टोबरचं ऊन, डॉक्टर खानापुरात, आणि पोरीला उन्हातून न्यायचं माझं धाडस होईना. शंकरअण्णा म्हणाले, मी जाऊन विचारून येतो, पुरळ कसं आहे ते लिहून द्या. ह्यांना शब्दांत काही सांगता येईना. म्हणून ह्यांनी पोरीला पालथी मांडीवर घेतली, मोजपट्टी काढली आणि तिच्या पाठीचा नकाशा काढला! एकेक पुटकुळी जागच्या जागी, खाली माप आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

संध्याकाळच्या आत शंकरअण्णा पायी जाऊन आले. नकाशा डॉक्टरांनी ठेवून घेतला होता. चिठ्ठी पाठवली होती: 'गोवर नाही, घामोळं. बाळाच्या अंगावर किती कपडे आहेत ते नकाशात दाखवलेलं नाही. निम्मे काढा.'

तीन झबली होती. दोन काढली.

०

आता शेवटचं.

आमच्याकडं नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरायचा सण असतो. न्हाणी घासूनपुसून लख्ख करायची, हंडा उजळायचा, पूजा करायची आणि नवं पाणी भरायचं. गंगाक्काच्या लेकी दरवर्षी हात द्यायला येत, पण ह्या वर्षी एक बाळंतीण झालेली आणि दुसरीला मोटार मिळाली नाही. मग तिनं मला हाक मारली आणि न्हाणीचं दार आतून लावून घेतलं.

"ह्यो दगड उलथायचाय. खालनं घासाय लागतोय."

महिनाभर रोज सकाळी त्याच दगडावर बसून, पाय लांब करून, गंगाक्का माझ्या शालूला न्हाऊ घालत होती. मला तोवर पोरीच्या डोक्यावर पाणी घालायची भीती वाटायची. त्या बाईनं पहिल्याच दिवशी तिला तेल चोळून, शेक देऊन अशी झोपवली की मी तिच्या पाया पडले होते. आम्ही दोघींनी पहार घालून दगड उलथला. खालच्या अंगाला अक्षरंच अक्षरं.

माझा चेहरा बघून ती म्हणाली, "मालकास्नी सांगायचं न्हाय पोरी. सासूनं शपथ घातलीया. लिवल्याली बाजू वर ऱ्हायली तर घरातलं लेकरू जातंय."

आम्ही तो घासला, पुन्हा पालथा घातला. त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, चार दिवसांत आवरायला घ्यायचं, तुकडा काही मिळत नाही. मी ताक वाढत राहिले. काय करणार होते? सांगावं तर जिनं माझी पोर सांभाळली तिची शपथ मोडते. न सांगावं तर देऊळ जातं. आणि लेकराचं ते ऐकल्यापासून मी रात्री उठून उठून शालूचा श्वास बघत होते.

दिवाळी संपायची वाट न बघता पाडव्यालाच देवळापाशी पहिल्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या सकाळी ती शालूला तेल लावत होती तेव्हा मी सांगितलं की मी बोलले नाही आणि बोलणारही नाही. "पण आक्का, माझंच लेकरू ह्याच्यावर न्हातंय. काय लिहिलंय ते मला कळायला पाहिजे. आप्पांकडून एकदा वाचून घ्या. तसलं काही असलं तर आपण दोघी परत पालथा घालू."

तिनं शालूची आंघोळ पुरी केली, अंग पुसलं, डोक्यात वेखंड भरलं. मग म्हणाली, "बोलीव मास्तरास्नी. एकट्यास्नीच."

केशवआप्पा धोतर सावरून न्हाणीत उलथलेल्या दगडासमोर पाटावर बसले. मी कंदील धरला, शालू कडेवर. पूर्वेला निघाला ओढा, दक्षिणेला चिंच, पश्चिमेला वारूळ, उत्तरेला वाट. कुणाचंच शेत नाही. मग देणाऱ्यांची नावं, साल, तिथी. मग, हे दान जो राखील त्याला हजार गाई दिल्याचं पुण्य. तिथं त्यांनी चष्मा काढला.

"झालं, गंगाक्का. चांगलंच लिहिलंय की सगळं."

"धा झाल्या," ती म्हणाली.

"काय दहा?"

"वळी. अकरा हायत. दर साली मी बोटानं घासून काढतीया. शेवटची ऱ्हायली."

केशवआप्पांनी माझ्याकडं बघितलं. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, पण त्यांना मान वर ठेवता येईना. चष्मा परत घालून त्यांनी अगदी हळू वाचलं: जो हे मोडील त्याला काशीत हजार गाई मारल्याचं पाप लागेल, आणि त्याचा वंश राहणार नाही.

शालूला मी छातीशी घट्ट धरली.

गंगाक्कानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मोडनाऱ्याचा?"

"मोडणाऱ्याचा."

"न्हानाऱ्याचा न्हाय? धुनाऱ्याचा न्हाय?"

"नाही."

ती उठली आणि पदर खोचला. "मग मी ह्यो हितं कशापायी झाकून ठेवलाय? मास्तर, भाईर न्ह्या ह्यो. गाडीवाल्यास्नी वाचून दावा. आन् ती शेवटची वळ पयली वाचा."

ह्यांनी आणि शंकरअण्णांनी आणखी दोघांना हाताशी घेऊन दगड देवळापाशी नेला आणि वरच्या अर्ध्याला टेकवला. बरोबर बसला. केशवआप्पांनी खड्या आवाजात अकरावी ओळ वाचली, आधी कानडीत, मग मराठीत. गाडीवाल्यांनी पटके काढले. जे दगड भरले होते ते उतरवायला लागले, आणि त्यातला एकजण ह्यांना विचारत होता की कुठला कुठनं उचलला ते आता ध्यानात नाही, कुठं ठेवू? हे नकाशा उघडून एकेकाची जागा दाखवत होते.

मध्येच ह्यांनी मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी शालूचं तोंड पुसत राहिले.

महिन्याभरानं साहेबांचं पत्र आलं, देऊळ यादीत गेलं. पण ते नंतरचं. आम्ही निघालो तेव्हा गंगाक्का गाडीपर्यंत आली होती. शालूच्या तळव्यांना तेल लावत म्हणाली, "बेळगावात बायकास्नी सांग. न्हाणीतला दगड फोडू नगासा, आदी उलथून बघा म्हनावं. आन् वळी मोजा."

मी सांगितलं. आता तुम्ही पुढं सांगा.