न वापरण्यासाठी काढलेला परवाना

एकट्या राहणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. घरात कोणी असलं की संध्याकाळच्या चहाबरोबर सांगून मोकळं होता येतं. मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, वन-बेडरूममध्ये एकटाच राहायचो, त्यामुळे माझे किस्से धुवायच्या कपड्यांसारखे कोपऱ्यात पडून राहायचे. आता शिकारीचा विषय निघालाच आहे, तर त्यातले सगळे काढतो. हो, माझ्याकडे मिशिगन राज्याचा शिकारीचा परवाना होता! मी, चंद्रपूरचा, कॉलेजात असताना वैशाखी पौर्णिमेला वनखात्यासाठी मचाणावर बसून प्राणी मोजणारा. हसू नका, ऐका.

*

२००४ चा नोव्हेंबर. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत मला दोनच महिने झाले होते. बॉसने पहिल्यांदाच मला मीटिंग बोलवायला सांगितलं. मी इन्व्हाइट पाठवलं: पंधरा तारीख, सकाळी नऊ. सगळ्यांनी ॲक्सेप्ट केलं. मी एक डझन डोनट आणले.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. मी बाहेर डोकावलो तर अख्खा मजला रिकामा. खाली सिक्युरिटीवाला पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "आज हरणांचा सीझन सुरू झाला. सगळे रानात. तुला कोणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं.

मी वर आलो आणि मीटिंगचे मिनिट्स लिहून सगळ्यांना पाठवले. "उपस्थिती: एक. निर्णय: डोनट चांगले होते."

कोणीही उत्तर दिलं नाही. तीन दिवसांनी मंडळी परतली ती मेलेल्या हरणांचे फोटो घेऊनच!

*

पुढच्या जुलैत मराठी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, सबनीस काकूंच्या बॅकयार्डमध्ये. चाळीस माणसं, आणि त्यात एकटा आलेला बहुधा मीच. शिकारीचे सगळे नियम मी इंटरनेटवर वाचून आलो होतो आणि मला दम धरवत नव्हता. बासुंदी वाढली जात असतानाच मी उभा राहिलो.

"मादी हरणांचे परवाने लॉटरीने देतात, संख्या ठरलेली असते. आपण अर्ज करायचे, परवाने मिळवायचे आणि फ्रिजवर लावून ठेवायचे! एक परवाना वाया, एक हरीण वाचलं!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "यार, तू इथे सीट काय बनवत बसलास!" कागदी प्लेटवर सात जणांनी नावं लिहून दिली. मी ती प्लेट न चुरगळता घरी नेली.

परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स लागतो, दोन संध्याकाळ आणि एक शनिवार. मी तारखा कळवल्या आणि ई-मेल यायला लागले. एकाच्या मुलीचं स्विमिंग. एकाचे सासू-सासरे येणार. एकाने लिहिलं, "H1 व्हिसावर आहे यार, बंदूक-बिंदूक नावावर नको." दोघांनी काही कळवलंच नाही. सबनीस काका-काकूंपैकी काकूंनी मात्र फोन केला.

"अरे, माझे गुडघे हे असे. तिथे पालथं पडून नेम धरायला लावतात का?"

"नाही काकू, खुर्चीवर बसायचं असतं."

"मग यांना विचारते हं," म्हणाल्या. काकांचं उत्तर काय आलं ते मला अजून कळलेलं नाही.

*

कोर्स फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होता. शिकवणारा वॉल्ट, सत्तरीचा, पट्ट्याऐवजी गॅलिस लावणारा. दारातच त्याने विचारलं, "तुझं मूल कुठाय?"

"मूल नाही. मीच विद्यार्थी."

वर्गात बाकी सगळी अकरा-बारा वर्षांची पोरं आणि शेजारी त्यांचे बाप. मी बसलेल्या खुर्चीत माझे गुडघे हनुवटीला लागत होते. पलीकडे दातांना तारा लावलेली एक मुलगी होती. तिने माझ्या शेजारची रिकामी खुर्ची बघितली.

"तुझे डॅड कुठे आहेत?"

"चंद्रपूरला."

"म्हणजे वर, उत्तरेला?"

"बरंच वर," मी म्हणालो. तिने समजूतदारपणे मान हलवली. तिचे काकाही तिकडेच कुठेतरी राहायचे म्हणे.

*

मला गप्प राहवत नाही. पहिल्याच संध्याकाळी, क्लास सुटल्यावर, मी वॉल्टला माझी योजना सांगून टाकली. म्हटलं, चिडला तर चिडू दे, निदान वाद तरी होईल! बरेच दिवस कोणाशी धड वाद घातला नव्हता.

तो चिडला नाही. खुर्च्या एकात एक रचत म्हणाला, "पोरा, परवाना काढून सोफ्यावरून न उठणारे दरवर्षी किती असतात, ते खात्याला ठाऊक असतं. ते धरूनच परवाने छापतात. तुला त्यांनी आधीच मोजलंय."

मी उरलेल्या खुर्च्या रचू लागलो. दुसरं काय करणार?

*

शनिवारी परीक्षा झाली. मी पहिला आलो. स्पर्धा सहावीच्या मुलांशी होती, त्यामुळे घरी कळवलं नाही. मग वॉल्टने प्रत्येकाला एक कागद दिला. रानात जायच्या आधी तो भरून कोणाकडे तरी ठेवायचा. कुठे जाणार, गाडी कुठे लावणार, परत कधी येणार, आणि नाही आलात तर शोध कोण सुरू करणार.

पोरांनी तीन सेकंदांत 'मॉम' लिहिलं.

मी विचारलं, "याला मार्क आहेत?"

"नाहीत."

"मग राज्याचा नियम आहे?"

"नाही, माझा आहे. नाव नसेल तर सर्टिफिकेट नाही."

आई आठवली. पण ती चंद्रपुरात बसून शोध कसा सुरू करणार? मग मी मोबाइलवर आलेले कॉल बघितले. तीन नंबर होते: बॉस, एक राँग नंबर आणि सबनीस काकू. हॉल रिकामा झाला, बाप आणि पोरं गाड्यांत बसून गेली, वॉल्ट किल्ली घेऊन दारात उभा. मी काकूंचं नाव लिहिलं.

"आन्ट?" त्याने विचारलं.

"तसंच काहीतरी."

"तिला माहितेय?"

"सांगेन."

*

लॉटरीत माझा नंबर लागला! परवाना घ्यायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने उंची विचारली, डोळ्यांचा रंग विचारला आणि मग म्हणाली, "तू या राज्याचा रहिवासी आहेस का? म्हणजे कुठेही गेलास तरी जिथे परत येतोस, ते तुझं कायमचं घर इथे आहे का?"

मागे पाच-सहा जणांची रांग. इतका अवघड प्रश्न व्हिसाच्या खिडकीवरही कोणी विचारला नव्हता.

बाई वाकून हळूच म्हणाली, "हनी, हरणासाठी विचारतेय फक्त."

*

पंधरा नोव्हेंबर पुन्हा उजाडणार होता. माझा परवाना वाया घालवून एकही हरीण वाचणार नाही, हे आता मला माहीत होतं. पण त्या रिकाम्या मजल्यावर मला पुन्हा बसायचं नव्हतं. मी रजा टाकली आणि आदल्या दिवशी काकूंना फोन केला. पॉटलकनंतर आम्ही भेटलोही नव्हतो.

"काकू, एक फॉर्मॅलिटी आहे. तुम्हाला काही करायचं नाही."

"थांब, पेन घेते." त्यांनी सगळं लिहून घेतलं. रानाचं नाव, पार्किंग, गाडीचा रंग. "आत स्वेटर घालशील ना? आणि सहाला परत नाही आलास तर?"

"शेरीफच्या ऑफिसला फोन करायचा. पण तशी वेळ येणार नाही."

"आली तर करीन की!"

दुसऱ्या दिवशी मी शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून, बंदुकीशिवाय, एका ओकच्या झाडाला टेकून बसलो. दिवसभर काही नाही. लांबून गोळ्यांचे आवाज तेवढे येत होते. अंधारायच्या सुमारास एक मादी आली, वीस पावलांवर. मी हललो असतो तर ती पळाली असती, म्हणून हललो नाही. ती गेली तेव्हा पायवाट दिसत नव्हती, पायांना मुंग्या आल्या होत्या आणि फोनला सिग्नल नव्हता. किती फिरलो कोण जाणे. शेवटी झाडांतून लाल-निळे दिवे दिसले, त्या दिशेने चालत सुटलो.

पार्किंगमध्ये शेरीफची गाडी होती. शेजारी शेरीफचा माणूस, आणि त्याच्यासमोर साडीवर काकांचा ओव्हरकोट आणि पायात स्नीकर्स घातलेल्या सबनीस काकू. सव्वासात वाजले होते. सहाला ट्रॉयहून निघून पोचायला उशीर होईल म्हणून त्या पाचलाच निघाल्या होत्या! बरोबर सहाला त्यांनी पार्किंगमधल्या फोनवरून शेरीफला बोलावलं होतं.

शेरीफच्या माणसाने माझं लायसन्स बघितलं, परवाना बघितला, बंदूक कुठे ते विचारलं. बंदूकच नाही म्हटल्यावर त्याने परवाना पुन्हा उलटून बघितला. मग वही काढून काकूंकडे वळला.

"मॅडम, तुम्ही याच्या कोण?"

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"हा दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला असतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

त्याने ते लिहून घेतलं आणि मला विचारलं, "बरोबर आहे, सर?"

"हो," मी म्हणालो. "दर गुरुवारी. साडेसातला."

"सात!" काकू मराठीत कडाडल्या. "साडेसातपर्यंत भात गार होतो."