अक्कांनी रेडिओवर मारलेल्या हाका

बांगड्या काढायला लावल्या, तिथंच मला कसंसं झालं होतं बघा. आमच्याकडे रेडिओवर गप्पांचा एक कार्यक्रम असतो. कधी चंद्रावरच्या पाण्याविषयी बोलतात, कधी जुन्या नाण्यांविषयी. त्या दिवशी विषय होता तंजावूरच्या मराठी घरांतल्या रीती. बोलायला माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, आणि सोबतीला मी. कार्यक्रम घेणारी पोरगी अक्कांना म्हणाली (आमच्याकडं कुणाही वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात), "मामी, बांगड्यांचा आवाज माइकमध्ये येतो." अक्कांच्या काचेच्या बांगड्या रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये टाकल्या. माझे हात तर हे गेल्यापासून मोकळेच.

अक्कांनी आमची बोलावण्याची रीत सांगितली. घरात लग्न निघालं की, सवाष्णपणी गेलेल्या आमच्या सगळ्या बायकांना जेवायला बोलवायचं. केळीच्या पानावर वाढायचं, शेजारी नवं लुगडं ठेवायचं. मग घरातली थोरली सून कोल्लैचं, म्हणजे परसाकडचं दार उघडते आणि एकेकीला नावानं हाक मारते. क्रम चुकवायचा नाही. एखादी राहिली तर ती रुसून नवरीबरोबर सासरी जाते, असं आम्हाला सांगितलेलं. नावं लिहायचीसुद्धा नाहीत, म्हणून इथंही लिहीत नाही.

"एकदा हाक मारून दाखवा ना, मामी," पोरगी म्हणाली.

"नको हो अक्का," मी म्हटलं. "पान कुठं मांडलंय? बोलावून उपाशी पाठवणार?"

"अगं, या एसीत कोण येतंय! तू कुडकुडतेस, त्या कुडकुडणार नाहीत?" असं म्हणून हसल्या आणि मारल्या की हाका. सगळ्या, ओळीनं.

"आणि पुढं?" पोरीनं विचारलं.

"पुढं मी. माझी जागा सोडून ठेवते, ही भरेल." माझ्याकडे बोट दाखवून अक्का गप्प बसल्या. बराच वेळ.

त्याच वर्षी अक्का गेल्या. भावजींच्या आधी, सवाष्ण.

मग त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. आईविना पोर, अक्कांनीच वाढवलेली; त्यांना ती पाट्टी, म्हणजे तमिळमधली आजी, म्हणायची. हाक कोण मारणार? मी विधवा, म्हणून मागं सरले, तर भावजी म्हणाले, "थोरली आता तूच. दुसरं कोण आहे?" खरं, पण मला क्रम कुठं पाठ होता? तो अक्कांबरोबर गेला.

"धाकट्या आजी, त्यात काय!" नवरी म्हणाली. "तो कार्यक्रम आहे की माझ्या फोनवर."

मला नको वाटत होतं. गेलेल्या बाईनं गेलेल्यांना बोलवायचं? पण दुसरा मार्ग नव्हता.

भर दुपारी पान वाढलं, दार उघडलं, फोन उंबऱ्यावर ठेवला. बाहेर विहीर, केळी, पांढरं ऊन. अक्कांचा आवाज आला. पहिलं नाव. आणि मागोमाग बांगड्या वाजल्या, किणकिण. दुसरं नाव. पुन्हा बांगड्या.

भावजींनी मान वर केली. "तिच्याच बांगड्या," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. रेडिओवर हाका मारल्या तेव्हा त्या माझ्या पर्समध्ये होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही नाही.

नावं संपली. "माझी जागा सोडून ठेवते, ही भरेल." आणि फोन गप्प.

थोरल्या जावेचं नाव मी जन्मात घेतलेलं नव्हतं. घेत नाहीत आमच्यात. तेवढ्यात नवरीनं माझा दंड धरला. हात बर्फासारखा गार.

"नका मारू हाक," ती कुजबुजली. "राहू देत पाट्टी. येऊ देत माझ्याबरोबर."

मी तिच्याकडे पाहिलं. परक्या गावी जायचं, ओळखीचं कुणी नाही. क्षणभर वाटलं, जाऊ देत की.

"उपाशी नेणार त्यांना?" मी विचारलं.

ती रडायला लागली, पण दंड सोडला. मी दाराबाहेर तोंड करून अक्कांना नावानं हाक मारली.

या वेळी फोनमधून काही वाजलं नाही. वाजलं ते आमच्या पाठीमागं, पानापाशी.

कुणी वळून बघितलं नाही. "पायसम वाढ," मी नवरीला म्हटलं. "त्यांना आधी गोड लागतं."