बस्ते खाली रखो

माझी नात सध्या देवासला बी.एड. करते. परवा धारला आली आणि म्हणाली, "आजी, तुझी ती पाठांची वही दे ना, मला फॉर्मॅट बघायचाय." मी म्हटलं, उंदरांनी खाल्ली. खोटं. वही माझ्या साड्यांच्या खाली आहे आणि तिच्यात एक रिमार्क आहे, तो मी आजवर कुणाला दाखवला नव्हता.

मी बी.एड. केलं तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरीबाळी मला प्राध्यापक समजून उभ्या राहिल्या, "नमस्ते मॅडम" म्हणाल्या. मी तो नमस्कार घेतला. नुसता घेतला नाही, वर "बैठो, बैठो" म्हणाले. पाच मिनिटांनी खऱ्या मॅडम आल्या आणि मला तिसऱ्या बाकावर सरकून बसावं लागलं. माझी पुढची सगळी हकीकत एवढ्यातच आली, पण सांगतेच.

धारच्या एका खासगी शाळेत मी एकोणीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी आणि सामाजिक विज्ञान शिकवत होते. एम.ए. होते, बी.एड. नव्हते, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग नियम कडक झाले. हेडमास्तरांनी बोलावलं. "मॅडम, आपका काम तो हम जानते हैं, पर कागज चाहिए. अगले जून तक बी.एड. हो जाए तो नौवीं-दसवीं आपकी. नहीं तो..." आणि ते फाइल चाळू लागले.

त्या 'नहीं तो'च्या पुढे काय, ते मला कळलं. पुढे घर. घरी मी कुणाची सून, कुणाची जाऊ, कुणाची आई. नववीच्या वर्गाच्या दारात उभी राहिले की चाळीस मुलं एका क्षणात गप्प व्हायची. ती शांतता मला पगारापेक्षा प्यारी होती. ती जाणार म्हटल्यावर मला रात्री घास उतरेना.

तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. देवासला वन्संकडे राहायचं, शनिवारी इंदूरला बस बदलून धारला यायचं. कॉलेजात सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार होता: सहा मिनिटं, एकच कौशल्य, आणि विद्यार्थी म्हणून समोर आपलेच सोबती. सहा मिनिटांत मी प्रस्तावनेतून बाहेर पडत नसे. आमचे सर माझ्या जावयाच्या वयाचे. ते घड्याळ बघून नम्रपणे म्हणायचे, "मॅडम, समय." एकदा त्यांनी असंही सांगितलं, "मॅडम, आपकी हिंदी में मराठी आ जाती है." मी मनात म्हटलं, अरे बाळा, तू चड्डीत होतास तेव्हापासून मी शिकवतेय.

पाठ जोडीनं घ्यायचे असत. एकीनं शिकवायचं, दुसरीनं मागं बसून निरीक्षण-वहीत लिहायचं. माझ्या वाट्याला बागली गावाकडची एक बावीस वर्षांची मुलगी आली. घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणायची, आणि मला काकीजी. मी तिला सुचवलं, "दीदी म्हण, आपण एका वर्गातल्या." ती "जी काकीजी" म्हणाली.

ती 'इस्कूल' म्हणाली की मी तिच्या निरीक्षणाच्या पानावर लाल शाईनं लिहायची: उच्चार सदोष. दर पाठाला लिहायची. ती वाचायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी दहा वेळा 'स्कूल, स्कूल' घोकत यायची.

मार्च महिन्यात सराव-पाठासाठी आम्ही देवासच्या एका सरकारी शाळेत गेलो. नववीचाच वर्ग. बाकांवर दप्तरांचे डोंगर, त्यांच्यामागं मुलं दिसेनात. मी टाळी वाजवून म्हणाले, "पहले सब अपने बस्ते खाली रखो."

मराठी माणसाला सांगायला नको मी काय म्हणाले ते. दप्तरं खाली ठेवा. पण हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. पहिल्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दप्तर पालथं केलं. डबा, कंपास, अर्धी पेन्सिल, एक कैरी. मग तिसऱ्यानं. मला वाटलं, टवाळी चाललीय. मी अशी काही ओरडले की कैरीवाला रडायला आला. पाठ कसाबसा उरकला.

संध्याकाळी मी बागलीवालीची वही बघितली. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'शिक्षिका ने नीचे के लिए खाली कहा. बच्चे नहीं समझे. उन्हें डाँट पड़ी.'

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. "हे काय लिहिलंस?"

"काकीजी, मने तो जो देख्यो, वोई लिख्यो."

"एकोणीस वर्षांत धारच्या एका मुलानं मला असं सांगितलं नाही!"

हे मात्र खरं होतं. नाहीच सांगितलं. धारच्या मुलांनी केव्हाच ओळखलं होतं की या बाईंचं 'खाली' म्हणजे 'नीचे', आणि मोठी भावंडं धाकट्यांना ते शिकवून ठेवत असणार. मी त्यांना इंग्रजी शिकवत होते आणि ती बिचारी माझी हिंदी शिकत होती. हे आज कळतं. त्या दिवशी मी तिला फक्त एवढंच म्हणाले, "ही वही परीक्षकांसमोर जाणार. माझी नोकरी घालवशील. बदल ते."

"पन्ने पर नंबर है, काकीजी. फाड़ नहीं सकते."

"मग वरून कागद चिकटव."

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग डिंकाची बाटली आणली. नव्या कागदावर मी सांगितलं ते लिहिलं: 'पाठ प्रभावशाली रहा.' मी वर मोठ्या मनानं तिच्या निरीक्षणाच्या पानावर लिहिलं, उच्चारात सुधारणा.

अंतिम पाठ एप्रिलमध्ये, त्याच शाळेत, पण दुसऱ्या तुकडीवर. बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या होत्या. सुती साडी, मनगटावर मोठं घड्याळ, चेहऱ्यावर काही नाही. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. शेजारी आमचे सर, आणि कोपऱ्यात मांडीवर वही घेतलेली बागलीवाली.

सुरुवात झकास झाली. भूतकाळ शिकवायचा होता. गुंडाळी फळ्यावर मी पाच वाक्यं लिहून आणली होती, प्रत्येकात एक रिकामी जागा. प्रश्न विचारले, हात वर झाले. परीक्षक बाईंनी एकदा मानही हलवली. ती मान बघितली आणि माझ्या डोक्यात जूनचा वर्ग भरला. तिथंच घात झाला. बारा मिनिटं उरली होती. माझी जुनी पद्धत अशी की वाक्यं उतरवून घ्यायची आणि उत्तरं त्यांच्या खाली, एक ते पाच अशी ओळीनं लिहायची. तपासायला सोपं.

मी म्हणाले, "जो जगह छूटी है, उसका जवाब खाली लिखो."

वर्ग थांबला. एक मुलगी उठली. "मैडम, खाली लिखें?"

"हाँ, हाँ. खाली."

"पाँचों में?"

"पाँचों के. जल्दी करो."

मुलं लिहू लागली. मी बाकांमधून मिरवत निघाले. दुसऱ्या बाकावरची वही उचलली. तिथं गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: येस्टरडे ही खाली टू द मार्केट.

मला आधी वाटलं, हा एकटाच. शेजारची वही बघितली. शी खाली अ लेटर. त्याच्या मागं, दे खाली क्रिकेट. ज्यांना पटलं नव्हतं त्यांनी जागा तशाच सोडल्या होत्या, कारण बाईंनीच सांगितलं होतं खाली. चाळीस वह्या. माझ्या हातातला खडू घामानं ओला झाला. मागं बाक सरकल्याचा आवाज आला. परीक्षक बाई उठल्या होत्या आणि मागच्या रांगेपासून एकेक वही बघत पुढं येत होत्या.

मी कोपऱ्यात बघितलं. बागलीवालीला बोलायची मुभा नव्हती. तिनं फक्त बोट जमिनीकडे केलं, आणि माझ्याकडे बघत ओठांनी, आवाज न करता म्हणाली, 'नीचे'.

परीक्षक बाई दोन बाकांच्या अंतरावर आल्या होत्या. ओरडावं, मुलांवर ढकलावं, घंटा होईपर्यंत रेटावं, हे सगळं मला येत होतं. एकोणीस वर्षं तेच केलं होतं. पण समोरची मुलगी, जिनं दोनदा विचारलं होतं, ती आता माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं होतं की काहीतरी चुकलंय, आणि ओरडा तिलाच बसणार होता.

"पेन रखो," मी म्हणाले. "गलती मेरी है. हमारे घर में, मराठी में, खाली मतलब नीचे. मैं कह रही थी, जवाब नीचे लिखो."

मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा वर्ग कोसळला. मीही हसले, नाहीतर रडले असते. ती मुलगी म्हणाली, "मैडम, हम तो सोच रहे थे, इंग्लिश में भी खाली होता है!"

"इंग्लिश में खाली को क्या कहते हैं?"

"एम्प्टी!" चार जण ओरडले. "और नीचे को?" "बिलो! अंडर! डाउन!" त्यावर भांडण लागलं. घंटा झाली तेव्हा पाचांपैकी दोनच वाक्यं पुरी झाली होती.

वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. वर्ग रिकामा झाल्यावर परीक्षक बाईंनी बागलीवालीकडे हात पुढं केला. "आपकी निरीक्षण-पुस्तिका."

त्या पानं उलटत गेल्या. मार्चचं पान आलं. ते इतर पानांपेक्षा जाड होतं. त्यांनी कोपऱ्यावर नखानं टोकरलं, मग पान खिडकीच्या उजेडात धरलं. खालची अक्षरं उमटून दिसली.

"यह आपने क्यों छिपाया?" त्यांनी तिला विचारलं. "झूठी रिपोर्ट पर नंबर नहीं मिलते. मालूम है?"

बागलीवालीनं मान खाली घातली. मी दोन फुटांवर उभी होते. ती माझं नाव घेणार नाही हे मला दिसत होतं, आणि मी अजून गप्प होते. किती वेळ? आज मोजते तर चार-पाच श्वासांचा. त्या चार-पाच श्वासांत मी नववी सोडून दुसरं काही बघितलं नाही, हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितेय.

"मैंने चिपकवाया," मी म्हणाले. "इसने सच लिखा था. इसके नंबर मत काटिए, मेरे काटिए."

सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षक बाईंनी तिची वही मिटून तिला परत दिली, माझी पाठांची वही मागून घेतली, तिच्यात दोन शब्द लिहिले आणि निघून गेल्या.

निकालात मी काठावर पास झाले. नववी माझ्याकडेच राहिली. बागलीवाली अध्यापनात आमच्या गटात पहिली आली. आता ती तिकडंच सरकारी शाळेत शिकवते आणि फोनवर अजून काकीजी म्हणते.

शेवटी परवा मी वही काढून दिलीच. नातीनं ते पान उघडलं. तिचं सगळं शिक्षण हिंदीत, मराठी वाचायची तर बोट लावून वाचते. तिनं ते दोन शब्द खुशीत मोठ्यानं वाचले: 'अच्छी चेष्टा.'

"आजी! किती मस्त रिमार्क! चांगला प्रयत्न!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी ते तेव्हा व्हरांड्यात उभं राहून वाचलं होतं ते मराठीत. आणि त्या बाईंनी लिहिलं हिंदीत असलं, तरी मराठीतही ते तंतोतंत बरोबर होतं.

"हो ना गं," मी नातीला म्हटलं. "आता ती वही खाली ठेव आणि जेवायला चल."

ती वही हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. "खाली म्हणजे... नीचे ना, आजी?"