उंदराचे उदर

आत्याने एकतीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासली. मशीनवाले तिला ‘चाळणी’ म्हणत, पण पाठीमागे, समोर ‘बाई’.

परिचारिकांसाठीच्या एका पुस्तकात लेखक डॉक्टरांनी लिहिले होते, की स्नायूसाठीचा ‘मसल’ हा इंग्रजी शब्द ‘लहान उंदीर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. शरीराच्या पुस्तकात उंदीर कशाला कडमडेल, म्हणून आत्याने लाल शाईने त्याचे ‘उदर’ केले. हस्तलिखित उघडून पाहिले नाही. घाई नव्हती, स्वतःवर विश्वास होता.

पुस्तक छापून झाले, तरी तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. पोटावरून स्नायूला नाव कसे पडेल? तिने जाडा कोश काढला. उंदीरच होता. कातडीखाली सरकणाऱ्या स्नायूत त्या जुन्या लोकांना उंदीर पळताना दिसला होता. आत्याने बाही वर सारून मूठ आवळली. सुकलेल्या दंडावर एवढीशी बेडकुळी आली. आपल्या माणसांना तिथे बेडूक दिसला, एवढाच फरक. तिला हसू आले, पण ते टिकले नाही.

कारण मालक एका मोठ्या शब्दकोशाचे काम मिळवायच्या खटपटीत होते, तेही तिच्याच भरवशावर: आमच्या बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. तो कोश तपासून मगच घरी बसायचे, असे आत्याने ठरवले होते.

सकाळी तिने मालकांना सगळे सांगितले. ते म्हणाले, कुणाच्या लक्षात आलेले नाही, कोशाचे पक्के होईपर्यंत गप्प बसा. आणि कुणी विचारलेच, तर डॉक्टरांचे अक्षर तसेच होते म्हणू.

“त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे,” आत्या म्हणाली. “आणि त्यांनी उंदीरच लिहिला होता.”

“बाई, एका उंदरापायी कोश घालवणार तुम्ही.”

“चुकलेलं पुस्तक दडवून कोश कुठल्या तोंडाने तपासू?”

तिने शुद्धिपत्र लिहिले: ‘उदर’ऐवजी ‘उंदीर’ वाचावे. खाली एक ओळ: चूक लेखकाची नाही, मुद्रितशोधकाची आहे. मालकांनी ती ओळ खोडली. आत्याने कडेला ‘खोडू नये’ची खूण केली. दोनदा.

ओळ छापली गेली. कोश दुसऱ्या छापखान्याकडे गेला. मालक महिनाभर आत्याशी बोलले नाहीत. प्रुफे मात्र रोज तिच्याच टेबलावर पाठवत राहिले.