हुलाक्याची तिथी

राजाची गादी गेली तेव्हा समोरच्या जिल्हा कार्यालयातून त्याचा फोटो उतरवला. भिंतीतला रिकामा खिळा धनकला बस्नेतने मागून आणला. तिच्या चहाच्या दुकानात गाळणी टांगायला हवाच होता. एवढ्या मोठ्या उलथापालथीत तिच्या पदरात पडलं ते एवढंच.

तिचा नवरा पूर्णे हुलाकी, म्हणजे डाक वाहणारा. सहा वर्षांपूर्वी मंसिर महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, डाकेची थैली घेऊन डोंगर चढला, तो उतरलाच नाही. जंगलवाले बंडखोर म्हणाले, सैन्याने नेला. सरकारवाले म्हणाले, जंगलवाल्यांनी.

भटजी म्हणाले, "कुश गवताचा पुतळा करून क्रियाकर्म उरकू. तिथी ठाऊक नसली तर अमावास्या चालते."

"अमावास्या बेवारशांना. माझा माणूस बेवारस आहे होय? तिथी कळेपर्यंत तो जिवंत."

जिवंत म्हणून ती भांगात सिंदूर भरी, आणि तीजेला नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंबही घेत नसे. अशा पाच तीजा झाल्या. सहावी तीन दिवसांवर आली होती.

आता युतीचं सरकार. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले सरकारी पक्षाचे दाहाल अध्यक्ष आणि जंगलातून आलेला कमांडर ज्वाला रोज तिच्याच बाकावर मांडीला मांडी लावून चहा पीत. अध्यक्षांना बिनसाखरेचा, क्रांतीला तीन चमचे.

त्या दिवशी दोन ग्लास पुढे ठेवून ती म्हणाली, "कुणी मारलं, ते विचारत नाही. दिवस तेवढा सांगा."

"वहिनी, आम्ही त्याला पास देऊन सोडला होता," ज्वाला म्हणाला. "पुढचं या अध्यक्षांना विचारा."

"वा रे वा! त्या पासानेच घात केला त्याचा! खिशात तुमचा शिक्का! सैन्याच्या फाटकावर धरला त्याला."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"ठाऊक म्हणजे? ओळख पटवायला मलाच बोलावलं होतं. एकादशीचा दिवस, सकाळपासून मी उपाशी..."

"एकादशी अन् दुप्पट खाशी!" ज्वाला हसला.

"अरे, खरंच उपाशी होतो! दुपारी माझ्यादेखतच त्याला भिंतीपाशी..."

अध्यक्ष थांबले. ज्वालाचंही हसू मावळलं.

"शुद्ध की वद्य?" धनकलाने विचारलं.

चहावर साय धरली.

"अध्यक्ष बा, एकादश्या महिन्याला दोन असतात. शुद्ध की वद्य?"

"मंसिर वद्य," अध्यक्ष ग्लासाकडे बघत म्हणाले.

"झालं तर," ती म्हणाली. ग्लास पुसायच्या ओल्या फडक्याने तिने भांग पुसला. फडकं लाल झालं, तेव्हा मात्र तिला हुंदका आवरेना. दोघे चहा तसाच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भटजींनी नदीकाठी कुशाचा पूर्णे जाळला.

चौथ्या दिवशी तीज आली. गावातल्या बायका लाल साड्या नेसून, कोरड्या घशाने नाचायला निघाल्या. धनकला पांढऱ्या साडीत उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्याली. सहा वर्षांत तीजेला ती पहिल्यांदाच पाणी पीत होती.