इंजिनाखालची फळी

वडील गेल्यावर तीन वर्षं मी त्यांची होडी चालवली. घर तिच्यावरच चालायचं. पण मासळी कमी होत गेली आणि डिझेल-बर्फाचा खर्च भागवून हाती काही उरेना. शेवटी होडी विकून सिल्व्हर पार्क भागात मासळीचा गाळा भाड्याने घ्यायचं ठरवलं. डिपॉझिट भरायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, त्यामुळे होडीच्या किमतीत एक रुपया सोडायचा नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

जुन्या होडीची किंमत कुठे छापलेली नसते. कोणाची होडी कितीला गेली ते धक्क्यावर विचारत फिरलो. लाकडाचे वेगळे, इंजिनाचे वेगळे, जाळ्यांचे वेगळे असे पैसे धरले आणि दोन लाखांवर आलो. तळाला नुकतंच डांबर मारलेलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं. आकडा मला अगदी वाजवी वाटत होता.

गिऱ्हाईक घरातलंच निघालं, माझा मामेभाऊ, खाडीपलीकडचा. बोलणी करायला मी आईला बसवलं. आमच्यात पुरुषांनी मासे आणायचे आणि बायकांनी विकायचे. पुरुष घासाघीस करायला बसला तर लोक हसतात. त्यात माझी आई म्हणजे भाईंदरच्या बाजारातली नामांकित कजाग. शिळा बांगडा ताज्याच्या भावात खपवेल आणि वर गिऱ्हाइकालाच चार शब्द सुनावेल. भाचा झाला म्हणून काय झालं, ती खाली येणार नाही याची मला खात्री होती.

मामेभावाने होडी पाहिली, इंजिन चालवून बघितलं आणि घरी येऊन चहा पिता पिता दोन लाख कबूलही केले. तेवढ्यात आईने कप खाली ठेवला.

"इंजिनाखालची फली कुजलीय," ती त्याला म्हणाली. "आतून पत्रा मारलाय. तशी पान्यान नेऊ नको, बाबा."

मामेभाऊ माझ्याकडे बघायला लागला. मलाच ते माहीत नव्हतं. बाहेरून डांबराखाली काही कळत नाही आणि आतून इंजिन उचलल्याशिवाय ती फळी दिसतच नाही. मग आईनेच नव्या फळीचे पैसे, सुताराची मजुरी, सगळं वजा करत सौदा सव्वा लाखावर आणून ठेवला.

तो गेल्यावर मी तिला नाही नाही ते बोललो. कुंपणच शेत खातंय, म्हटलं. जन्म या घरात काढलास आणि शेवटी माहेरचीच राहिलीस. ती मोरीत कप विसळत होती. फळीचं तुला कोणी सांगितलं, असं मी रागातच विचारलं. तुझ्या वडिलांनी, ती म्हणाली. आजारी पडायच्या आधी त्यांनीच तो पत्रा ठोकला होता.

म्हणजे ती तीन वर्षं मी त्याच फळीच्या भरवशावर समुद्रात जात होतो, आणि ही रोज पहाटे मला डबा भरून देत होती. पैशांचा राग कुठल्या कुठे गेला. इतकं फसवल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी खाली बसलो.

"भाच्याला सांगितलंस," मी म्हणालो. "मला का नाही?"

तिने ओले हात पदराला पुसले.

"तुला सांगला असता तं तू दर्यान गेला असतास?"